दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

अण्णाजींच्या बैठकीत फुकटचं मत चालत नसे. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊ वाजता जमायचं. ज्याला गाण्याविषयी बोलायचं असेल त्यानं स्वतः विकत घेतलेली रेकॉर्ड, कॅसेट नाहीतर सीडी सोबत आणायची. तिची एक अख्खी बाजू, सीडी असेल तर तेवढीच गाणी, सगळ्यांनी तोंडातून शब्द न काढता ऐकायची. मग एकेकानं मत द्यायचं आणि ज्यानं ती आणली त्यानं सगळ्यात शेवटी बोलायचं. मोबाइलवर ऐकलेलं गाणं धरत नसत. फुकट ऐकलेल्या गाण्यावर माणूस बोलतो ते वाऱ्यावरच बोलतो, असं अण्णाजींचं ठाम मत होतं.

अण्णाजी वर्धा स्टेशनात तिकीट खिडकीवर बसून निवृत्त झालेले. आर्वी नाक्याजवळच्या त्यांच्या घरात पुढच्या खोलीच्या तीन भिंती रेकॉर्डींनी भरल्या होत्या. चौथ्या भिंतीशी एक रेकॉर्ड प्लेयर आणि दोन कॅसेट डेक, तिन्ही त्यांनी आपल्या हातानं दुरुस्त केलेले. त्यांच्या पत्नी आनंदाबाई या बैठकीच्या सभासद नव्हत्या, कारण त्यांनी आयुष्यात एकही रेकॉर्ड विकत घेतली नव्हती. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मेथी निवडत बसत. त्यांचं मत धरायचं नाही असा नियम होता, आणि तरी त्या काय म्हणतात इकडे सगळ्यांचं लक्ष असे.

पंचफुलाबाई या बैठकीत येऊ लागल्या त्याला दीड वर्ष झालं होतं. वय त्रेसष्ट. आरोग्य खात्यात नर्स म्हणून पस्तीस वर्षं नोकरी केलेली. गावोगाव लसीचा डबा घेऊन फिरलेल्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी वर्ध्यात दोन खोल्यांचं घर घेतलं होतं. जुना टेप बिघडला म्हणून कुणीतरी त्यांना अण्णाजींकडे पाठवलं. अण्णाजींनी टेप दुरुस्त केला आणि म्हणाले, रविवारी येत जा. तेव्हापासून अण्णाजी त्यांना 'सिस्टर' म्हणत आणि त्यांच्या कानाला मानत. पंचफुलाबाई बोलायच्या थोडं, पण जे बोलायच्या ते नेमकं. एकदा कुणा नामांकित गायिकेची रेकॉर्ड लागली असता त्या म्हणाल्या होत्या की या बाईला शेवटचं गाणं गाताना ताप होता. सगळे हसले. नंतर अण्णाजींनी कव्हरच्या मागचा मजकूर वाचला, तर रेकॉर्डिंग आजारपणात पुरं केल्याचं तिथं लिहिलेलं होतं.

पण एक गोष्ट त्यांनी बैठकीत कुणाला सांगितली नव्हती. त्या स्वतः गायल्या होत्या. आंजीच्या बंडूजी थूल यांच्या गायन पार्टीत त्यांनी लग्नाआधीपासून भीमगीतं गायली होती आणि ब्याण्णव साली पार्टीची जी एकुलती एक कॅसेट निघाली, तिची दुसरी बाजू पूर्ण त्यांच्या आवाजात होती. नोकरी सरकारी, परवानगीचा अर्ज केलेला नाही, म्हणून कॅसेटवर माझं नाव टाकू नका, असं त्यांनीच बंडूजींना सांगितलं होतं. त्यामुळे कव्हरवर फेटा बांधलेले बंडूजी आणि खाली 'शाहीर बंडूजी थूल आणि संच' एवढंच. पुढची आठ-दहा वर्षं चौदा एप्रिलला आंजीच्या कर्ण्यावर ती कॅसेट वाजायची. मग डीजे आला, कॅसेटी गेल्या, बंडूजी गेले. पंचफुलाबाईंच्या घरची शेवटची प्रत टेपमध्ये गुंडाळून तुटली, त्यालाही वीस वर्षं होऊन गेली होती.

सांगितलं नाही त्याला कारण होतं. बैठकीला येऊ लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात सचिनसरांनी भीमगीतांचा विषय काढला होता. सचिनसर ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. चाळिशीचे, मनानं सरळ, बोलायला तोडून टाकल्यासारखे. ते म्हणाले की या गाण्यांत विचार मोठा असतो, चळवळीला त्यांचा उपयोगही मोठा झाला, पण संगीत म्हणून ऐकायला बसलं तर हाती काही लागत नाही. घोषणेला चाल लावल्यासारखं वाटतं. त्यात कुणाला कमी लेखायचा त्यांचा हेतू नव्हता. हेतू नव्हता म्हणूनच पंचफुलाबाईंना ते जास्त लागलं. भांडायला आलेल्या माणसाशी भांडता येतं. त्या गप्प राहिल्या. उत्तर द्यायचं तर ऐकवून द्यायला हवं होतं आणि ऐकवायला त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं.

त्या डिसेंबरातल्या रविवारी थंडी चांगलीच होती. अण्णाजी कानटोपी घालून बसले होते. पहिली पाळी सचिनसरांची होती. त्यांनी नागपूरच्या चार पोरांच्या बँडची नवी सीडी आणली होती. अण्णाजी म्हणाले की ढोल शब्दांच्या उरावर बसला आहे. पंचफुलाबाईंनी मत दिलं की गाणारी मुलगी चांगली आहे, पण तिला कुणीतरी सांगायला हवं की प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज थरथरवला तर रडू खरं कधी आणि नाटकी कधी ते ऐकणाऱ्याला कळत नाही. सचिनसरांनी दोन्ही मतं मान्य केली आणि तरीही सीडी आपल्याला आवडली असं सांगून ती पिशवीत ठेवली.

दुसरी पाळी अपेक्षाची. अपेक्षा सावंगीच्या हॉस्पिटलात कान-नाक-घशाच्या विभागात डॉक्टर होती. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, हिंगणघाटकडच्या शेतकरी घरातली. दिवसभर लोकांच्या घशात बघायची आणि रविवारी त्याच घशातून काय काय निघतं ते ऐकायला यायची. गोल बाजारातला एक रेडिओवाला दुकान बंद करत होता; त्याच्याकडून तिनं एका दोरीत बांधलेला कॅसेटींचा गठ्ठा विकत आणला होता. त्यातल्या बऱ्याचशा खराब निघाल्या, पण एक कॅसेट आपण आठवडाभर रोज ऐकतो आहोत, असं ती म्हणाली आणि तिनं ती सतरंजीवर ठेवली.

कव्हरचा निळा रंग उडून ते राखाडी झालं होतं. बंडूजींच्या फेट्याचा रंग मात्र अजून ओळखू येत होता.

पंचफुलाबाईंनी ते कव्हर ओळखलं. त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. तोंड उघडायला आलं होतं, दोन शब्दांचं काम होतं. पण त्यांनी ते मिटलं. त्यांच्या मनात आलं की आजवर आपल्या गाण्याला चांगलं म्हणणारे सगळे आपलेच होते. वस्तीतले, नात्यातले, एकाच विहारात बसणारे. त्यांचं प्रेम खोटं नव्हतं, पण ते गाण्यावर किती आणि आपल्यावर किती, हे कधी वेगळं करता आलं नव्हतं. ही चार माणसं आपली कुणी नव्हती. आपण आहोत हे त्यांना कळलं की ती सांभाळून बोलतील. न कळता बोलली तर खरं बोलतील. तेहतीस वर्षांनी असा मोका आला होता. त्या भिंतीला टेकून बसल्या आणि पदर घट्ट ओढून घेतला.

अपेक्षानं सांगितलं की पहिल्या बाजूला बंडूजी आहेत, ते ठीक आहेत. पण दुसऱ्या बाजूला एक बाई गाते, तिच्यासाठी ही कॅसेट आणली. सचिनसरांनी कव्हर हातात घेऊन पाहिलं, काही न बोलता परत ठेवलं. नियम म्हणजे नियम. अण्णाजींनी डेकचं बटण दाबलं.

आधी नुसती खरखर. मग पेटी आणि मग ढोलक. ढोलक वाजली तशी पंचफुलाबाईंना मान खाली घालावी लागली. ती नानाजींची थाप होती. नानाजी त्यांचे पती. पार्टीत ढोलक वाजवायचे, दिवसा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायचे. जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांचे फोटो घरात होते, कपडे होते, चष्मा होता. हाताचा आवाज मात्र कुठेच उरला नव्हता, तो या परक्या खोलीत अचानक सुरू झाला होता.

चार गाणी झाली. त्यातलं तिसरं एका मुलीचं होतं. मुलगी शाळेतून येते, आईच्या हातात लेखन, म्हणजे पाटीवरची पेन्सिल, देते आणि तिला तिचं स्वतःचं नाव काढायला शिकवते. 'धर लेखन हाती माय, काढ तुहं नाव पाटीवर.' 'पाटी'वर सूर वर जाऊन उभा राहतो आणि मग 'वर' म्हणत खाली उतरतो. शेवटच्या कडव्यात त्या उभ्या सुरावर बाईचा श्वास संपला. 'पाटी' म्हणून तिनं भसकन श्वास घेतला आणि मग 'वर' म्हटलं. शब्दाचे दोन तुकडे झाले. पंचफुलाबाईंना ती जागा येणार हे माहीत होतं, तरी त्यांनी डोळे मिटून घेतले.

बटण बंद झालं. पहिलं मत अण्णाजींचं. त्यांनी कानटोपी काढली. ते म्हणाले की पेटी थोडी उतरलेली आहे, बाईनं पहिल्याच ओळीत ते ओळखलं आहे आणि पेटीच्या मागे न जाता आपला सूर खरा ठेवला आहे. पेटीला सोडून उभं राहणं सोपं नसतं. मोठमोठे लोक तिथं पेटीला शरण जातात. ही कोण बाई आहे ते कव्हरवर नाही याचं त्यांना वाईट वाटलं.  पेटी उतरलेली होती हे खरं होतं. रेकॉर्डिंगच्या दिवशी ते फक्त पंचफुलाबाईंना आणि पेटीवाल्याला माहीत होतं.

मग सचिनसर.  ते म्हणाले की भीमगीतांबद्दल आपण मागे जे बोललो होतो ते सरसकट होतं, ते मागे घ्यावं लागेल असं दिसतं. तिसरं गाणं ही घोषणा नाही. त्यात एक घर दिसतं, चूल दिसते, आईचा हात दिसतो. पण एक दोषही आहे आणि तो मोठा आहे. शेवटच्या कडव्यात शब्दाच्या मधोमध श्वास तोडला आहे. रियाज केलेली गायिका असं करत नाही आणि केलंच तर रेकॉर्डिंगवाल्यानं परत गाऊन घ्यायला हवं होतं. एवढ्या चांगल्या गाण्याला तिथं डाग लागला.

अपेक्षाची पाळी शेवटी होती, पण तिला राहवलं नाही. ती म्हणाली की दोष आहे खरा, पण आपल्याला तीच जागा आठवडाभर सोडत नाहीये. बाईचा श्वास चारही गाण्यांत वरच्या वर आहे. छातीत भरतो, पोटापर्यंत जात नाही. आजारी माणसाचा असतो तसा नाही. आवाज तर ठणठणीत आहे. मग श्वास का पुरत नाही, ते उमगत नाही.

उंबऱ्यावरून आनंदाबाई बोलल्या. हातातली मेथीची काडी तशीच होती.

"पोटुशी हाय ते बाई."

अण्णाजींनी त्यांच्याकडे पाहिलं. टेपमधून ते कसं कळलं, असं त्यांनी विचारलं.

"तीन लेकरं झाली मले," आनंदाबाई म्हणाल्या. "शेवटच्या महिन्यांत आरती म्हणतानी माह्यंही असंच होये. श्वास घ्याले जाव तं आत जागाच नाई राह्यत. लेकरू खालून ढकलून राह्यते ना."

 आता पाळी पंचफुलाबाईंची होती. अण्णाजींनी विचारलं, "सिस्टर, तुम्ही सांगा."

पंचफुलाबाईंनी पदर सैल केला. 

"सातवा सरून आठवा लागला होता," त्या म्हणाल्या. "मीच होय जी ते. पोटात रत्नदीप होता."

रत्नदीप म्हणजे त्यांचा मुलगा. पुण्याला इंजिनिअर आहे आणि त्याच्या लहानपणीच्या टेपमध्ये त्याच्या आईची कॅसेट तुटली होती, हे बैठकीतल्या कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. अपेक्षा आधी हसली, मग तिनं तोंडावर हात धरला. अण्णाजी उठून उभे राहिले आणि का उठलो हे न कळल्यासारखे परत बसले. सचिनसरांचा चेहरा उतरला. ते म्हणाले की आपण असं बोलायला नको होतं.

"बोलाले पाह्यजे होतं," पंचफुलाबाई म्हणाल्या. "म्हणून तं मी सांगतलं नाई. श्वास तुटलाच हाय तिथं. मले त्याच दिवशी कळलं होतं."

मग त्यांनी त्या दिवसाची हकीकत सांगितली. नागपूरला स्टुडिओ एका दिवसापुरता मिळाला होता. आठव्या महिन्याच्या सुनेला एकटी पाठवणार नाही म्हणून सासूबाई धुरपताबाई एसटीनं सोबत आल्या. बांगड्यांचा आवाज येतो म्हणून स्टुडिओवाल्यानं त्यांच्या बांगड्या काढून घेतल्या आणि खोकायचं नाही अशी तंबी देऊन त्यांना आतच एका बाकावर बसवलं. बंडूजींनी पंचफुलाबाईंसाठी खुर्ची आणली होती. त्यांनी ती नाकारली. बसून त्यांना गाता येत नसे. तिसरं गाणं आलं तोवर दुपार झाली होती. पहिल्यांदा गायल्या तेव्हा श्वास बरोबर जागी आला, दुसऱ्यांदाही आला. तिसऱ्यांदा तुटला.

सचिनसरांना ते कळेना. त्यांनी विचारलं, "पहिले दोन चांगले झाले होते, तर हा का ठेवला?"

"बंडूजींनी विचारलं होतं, कोणतं ठेवाचं. मीच म्हटलं, तिसरं." पंचफुलाबाई सरळ बसल्या. "पहिल्या दोन खेपेले श्वास वाचवासाठी मी 'पाटी'वर सूर आखूड केला होता. नीट झालं होतं, पण माय दिसत नव्हती. तिसऱ्या खेपेले म्हटलं, जाऊ दे. तो सूर जेवढा उभा राह्यते तेवढा राहू दे, पुढचं पुढं पाहू. तो पुरा उभा राह्यला. मंग श्वास तुटला. मले श्वास तुटलेला चालला, सूर आखूड नाई चालला."

हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगितलं होतं. आजवर कुणी विचारलंच नव्हतं. वस्तीत कुणाला त्या जागी काही झालं आहे हे जाणवलंच नव्हतं, किंवा जाणवूनही कुणी बोललं नव्हतं. आणि हा माणूस, ज्याला या गाण्यांत ऐकण्यासारखं काही दिसत नव्हतं, त्यानं एका ऐकण्यात तिथं बोट ठेवलं होतं. त्यांना वाटलं होतं की दोष कुणी काढला तर मन मोडेल. झालं उलटंच. ज्याला डाग दिसला त्याला कापडही दिसलं होतं.

सचिनसर म्हणाले, "अण्णाजी, तिसरं गाणं परत लावा."

परत लावणं नियमात बसत नव्हतं. अण्णाजींनी कॅसेट मागे फिरवली. या वेळी सचिनसर डेकला कान लावून बसले. शेवटचं कडवं आलं, 'पाटी' आली, श्वास तुटला, 'वर' आला. त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, आणखी एकदा. मग आणखी एकदा. चौथ्या वेळी त्यांनी स्वतःच बटण दाबून टेप थांबवला.

"काकू, निवड बरोबर होती तुमची," ते म्हणाले. "पण तुम्ही ढोलक ऐकली का कधी तिथे?"

पंचफुलाबाईंना प्रश्न कळला नाही.

सचिनसरांनी बोटांनी सतरंजीवर ठेका धरून दाखवला. आधीच्या दोन्ही कडव्यांत 'पाटी' संपताना ढोलकवाला एक जोरदार उठाव घेतो आणि गाणाऱ्याला 'वर'वर ढकलतो. ती त्याची सवय आहे. या कडव्यात तो उठाव नाही. त्या जागी ढोलकच नाही. त्यानं हात उचलून धरला आहे. बाईला श्वास घ्यायला जागा दिली आहे, आणि 'वर' आल्याबरोबर तिच्यासोबत थाप टाकली आहे. उठाव आला असता तर त्या पुढे ढकलल्या गेल्या असत्या आणि गाणं तिथं मोडलं असतं. ते मोडलं नाही, कारण तो थांबला.

"असं शिकवून होत नाही," सचिनसर म्हणाले. "कोण होता हा?"

अण्णाजींनी कुणी न सांगता कॅसेट परत मागे फिरवली. पंचफुलाबाईंनी ऐकलं. शेकडो वेळा ऐकलेलं गाणं होतं. गावात कर्ण्यावर, घरी टेपवर, आणि टेप तुटल्यावर मनातल्या मनात. दर वेळी त्या जागेवर त्यांना फक्त आपला तुटलेला श्वास ऐकू यायचा. त्याच्या खाली एवढी मोठी मोकळी जागा आहे, आणि ती कुणीतरी धरून ठेवलेली आहे, हे आज पहिल्यांदा कानावर पडलं.

"माह्या रत्नदीपचे बाबा," त्यांनी सांगितलं.  आनंदाबाई उठून त्यांच्या शेजारी येऊन बसल्या.

नानाजी सत्तावीस वर्षं त्यानंतर जगले. एका ताटात जेवले, मुलाला वाढवलं, हॉस्पिटलातल्या शेवटच्या आठवड्यात जुन्या पार्टीच्या गोष्टीही काढल्या. हे मात्र कधी बोलले नाहीत. त्यांना ते सांगण्यासारखं वाटलं नसेल. ढोलकवाल्यानं जे करायचं ते केलं, एवढाच त्यांचा हिशेब असेल.

निघताना अपेक्षानं कॅसेट पंचफुलाबाईंच्या हातात ठेवली. ही तुमचीच आहे, तुम्ही ठेवा, असं ती म्हणाली. पंचफुलाबाईंनी कव्हरवरून अंगठा फिरवला, बंडूजींकडे क्षणभर पाहिलं आणि कॅसेट तिला परत दिली.

"नाई वो बाई. तू विकत घेतली, तुले आवडली म्हणून घेतली. तुह्याच घरी राहू दे तिले," त्या म्हणाल्या. "मले फक्त नक्कल करून देजो."

आंजीला राहणाऱ्या धुरपताबाईंना हे आजच सांगायचं होतं. बाराच्या सुमाराला एसटी मिळाली. खिडकीबाहेर कापसाची वेचणी चालू होती. पंचफुलाबाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या आणि मनात ते कडवं लावून पाहिलं. आता ते जुन्यासारखं लागेना. त्या जागेवर आलं की हात वर धरून बसलेला माणूस दिसायचा.

धुरपताबाई पंच्याऐंशीच्या. ऐकू कमी यायचं, नजर मात्र पहिल्यासारखी. त्या अंगणात बाजेवर उन्हाला बसल्या होत्या. पुतण्याच्या घरी त्यांचं सगळं नीट होतं, पण सून आली की त्यांना तिच्याच हातचा चहा लागायचा. चहा झाला आणि पंचफुलाबाईंनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. कॅसेट मिळाली, सावंगीच्या डॉक्टरणीनं विकत घेतली, कॉलेजातल्या सरांनी चार वेळा ऐकली. आणि त्या जागी नानाजींनी हात उचलला होता.

धुरपताबाईंना नवल वाटलं नाही.

"पाह्यलं ना मी," त्या म्हणाल्या. "माह्यासमोरच तं बसला होता. असा हात वर धरला, अन् डोळे तुह्यावर. मले वाटलं तू पडून राह्यली का काय, म्हणून धराले उठते. मंग तू गायली, अन् त्याचा हात खाली आला."

"मंग मले सांगतलं काऊन नाई आजवर?"

"तुले दिसलं नाई, हे मले काय माहीत?" धुरपताबाई म्हणाल्या. "तू तं त्याच्याकडंच पाहून राह्यली होती."

पंचफुलाबाईंना तसं काही आठवत नव्हतं. त्यांना फक्त माइकची जाळी आठवत होती. पण सासूबाईंची नजर कधी चुकली नव्हती.

कुंपणापलीकडच्या अंगणात शेजारणी तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. धुरपताबाईंनी त्यांना हाका मारून बोलावलं. ऐकू कमी येत असल्यानं त्या नेहमीच मोठ्यानं बोलायच्या, पण आज गल्लीच्या टोकापर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं सांगू लागल्या की माह्या सुनेची कॅसेट वर्ध्याचे शिकलेले लोक बसून ऐकतात, डॉक्टरीण विकत घेते. नोकरीत असतानाची गोष्ट असती तर पंचफुलाबाईंनी त्यांना थांबवलं असतं. किती वेळा थांबवलंही होतं. शेजारणी शेंगांची टोपली तशीच सोडून कुंपणाशी आल्या. एकीला ते गाणं आठवलं. तिच्या लहानपणी कर्ण्यावर लागायचं, पण ते कुणाचं हे तिला ठाऊक नव्हतं.

"माह्यं होय ते," पंचफुलाबाई म्हणाल्या. "अन् ढोलक नानाजीची हाय."